संगणकाचा ताप आणि आपला उन्हाळा

घरांत कोणाला ताप आला कीं आपण थर्मामीटर काढतों, तो काखेंत किंवा जिभेखालीं धरतों आणि आलेला आकडा ९८.४ शीं ताडून पाहतों. बाहेर पौषाची थंडी आहे कीं वैशाखाचें ऊन आहे, खोलींतील पंखा चालू आहे कीं बंद आहे, हें डॉक्टर विचारीत नाहींत. विचारण्याची त्यांना गरजही नसते. मनुष्याच्या देहाला स्वतःचें असें एक उष्णतामान असतें व देह तें नेटानें राखतो. यंत्राला ही देणगी लाभलेली नाहीं. ज्या हवेंत तें बसलें असेल त्या हवेहून तें किती अंशांनीं अधिक तापलें, एवढेंच काय तें त्याचें स्वतःचें; बाकीचा आकडा हवेचा. हा साधा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें आज कित्येक घरांत नसती घबराट होते, आणि जेथें खरोखर सावध व्हावयास हवें तेथें मात्र कोणी सावध होत नाहीं.

मी बोलतों आहें तें खेळाच्या संगणकाविषयीं. निगडी-प्राधिकरण, चिंचवड, पिंपळे सौदागर, वाकड या बाजूच्या घरांतून हें यंत्र आतां चांगलेंच परिचयाचें झालें आहे. एका बाजूला कांच लावलेली पेटी, आंत रंगीत दिव्यांचे गरगरणारे पंखे, आणि पडद्याच्या कोपऱ्यांत सतत बदलणारे दोनचार आकडे. वडील चाकणच्या एखाद्या मोटारींच्या कारखान्यांतून किंवा भोसरीच्या वर्कशॉपांतून रात्रीं घरीं येतात, कोपऱ्यांतला ८७ हा आकडा पाहतात आणि विचारतात, “अरे, हें जळणार तर नाहीं ना?” मुलगा मान वर न करतां म्हणतो, “बाबा, इतकें चालतें.” दोघांच्याही बोलण्यांत थोडें तथ्य आहे, पुरतें कोणाच्याच नाहीं. यंत्र लाखाच्या घरांतलें. रात्रीं त्याच्यावर खेळ रंगत असला तरी दिवसां बहिणीचें इंजिनियरिंगचें ड्रॉइंग आणि घरचे हिशेब त्याच्यावरच होतात. तेव्हां तो आकडा कसा वाचावा हें घरांतील सर्वांनींच समजून घेतलेलें बरें.

आधीं ‘ओव्हरक्लॉकिंग’ हा शब्द. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा गणित करणारा मेंदू. तो विजेच्या एका ठेक्यावर चालतो. दर ठेक्याला एक पाऊल. पांच गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पांचशें कोटि ठेके. कारखानदार जी गति लिहून देतो ती बेताबेतानें ठरविलेली असते. कारण सिलिकॉनच्या एकाच चकतींतून कापलेले नगही सारखे निघत नाहींत. एका घाण्याच्या पुऱ्या तरी सारख्या कोठें फुगतात? कांहीं नग काटक निघतात, कांहीं नाजूक. आणि त्यांतल्या नाजूकालाही झेपेल अशीच गति कागदावर येते. आपल्या हातीं आलेला नग काटक असेल तर ठेका वाढवून त्याच्याकडून अधिक काम करून घेतां येतें. हेंच ओव्हरक्लॉकिंग. तें करूं देणारे प्रोसेसर कारखानदार स्वतःच विकतात, पण हमीची जबाबदारी घेतांना मात्र हात आखडता घेतात, हेंही सांगून ठेवलें पाहिजे.

आमच्या औद्योगिक पट्ट्यांतील कोणाही टर्नरला ही गोष्ट फोड करून सांगावी लागणार नाहीं. लेथचा वेग वाढविला कीं काम लवकर उरकतें, परंतु हत्याराची धार तापते आणि लवकर जाते. किती लवकर, याचें सूत्र फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनियरनें १९०७ मध्यें धातु कापण्याच्या कलेवरील आपल्या प्रबंधांत दिलें. कार्बाइडच्या हत्याराचा वेग वीस टक्क्यांनीं वाढविला तर त्या सूत्राप्रमाणें त्याचें आयुष्य साधारण निम्म्यावर येतें. वेगाचा लाभ सरळ हिशेबानें मिळतो, पण त्याची किंमत चक्रवाढ दरानें द्यावी लागते. प्रोसेसरचेंही असेंच आहे.

प्रोसेसरमध्यें अब्जावधि सूक्ष्म चाप असतात. प्रत्येक ठेक्याला त्यांपैकीं कित्येक उघडतात, मिटतात, आणि दर वेळीं थोडी वीज उष्णतेच्या रूपानें खर्च होते. ठेका दुप्पट केला तर ही उष्णता दुप्पट होईल, हें सहज पटतें. परंतु ठेका वाढला म्हणजे चापांना उघडमीट करावयास वेळ कमी पडतो. मग त्यांना जोर यावा म्हणून व्होल्टेज वाढवावें लागतें. खरी मेख आहे ती येथें. व्होल्टेजचा परिणाम वर्गाच्या प्रमाणांत होतो. गति दहा टक्के वाढविली आणि तिच्यासाठीं व्होल्टेजही दहा टक्के वाढवावें लागलें, तर उष्णता १.१ गुणिले १.२१, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशानें वाढते. शिवाय चाप जितके तापतील तितके ते मिटलेले असतांनाही अधिक गळतात, आणि ती गळती पुन्हां उष्णतेंतच भर घालते.

आतां ही उष्णता किती म्हणावी? इंटेलचा २०२२ सालीं आलेला कोअर आय-नाइन १३९००के हा प्रोसेसर घ्या. ओव्हरक्लॉकिंग न करतांही, पूर्ण जोरांत असतांना तो २५३ वॅटपर्यंत वीज घेतो असें कंपनीच्याच कागदावर आहे. साडेसातशें वॅटच्या इस्त्रीपुढें हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु इस्त्रीची उष्णता दीडशें चौरस सेंटिमीटरांच्या तळावर पसरलेली असते, आणि या प्रोसेसरच्या सिलिकॉनचा तुकडा अडीच चौरस सेंटिमीटरांचा, मोठ्या टपाल-तिकिटापेक्षांही लहान. दर चौरस सेंटिमीटरामागें हिशेब केला तर इस्त्रीच्या वीसपट उष्णता तेथून बाहेर पडत असते, आणि ती क्षणभरही तेथें सांचूं देऊन चालत नाहीं. तिला वाहून नेण्यासाठींच तो धातूचा ठोकळा, ते पंखे आणि मधला थर्मल पेस्टचा लेप.

उष्णतामान मोजण्याची सोय प्रोसेसरच्या पोटांतच असते. सिलिकॉनच्या एका सांध्यावरील विजेचा दाब दर अंशाला सुमारें दोन मिलिव्होल्टनें उतरतो. तो उतार मोजला कीं उष्णतामान कळतें. मात्र ‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखी प्रणाली पडद्यावर जो आकडा दाखविते तो थर्मामीटरच्या पाऱ्यासारखा थेट वाचलेला असतोच असें नाहीं. इंटेलचा प्रोसेसर मुळांत “मी माझ्या कमाल मर्यादेपासून इतके अंश दूर आहें” एवढेंच सांगतो. प्रणाली त्या मर्यादेंतून वजाबाकी करून आकडा काढते. वर सांगितलेल्या प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या २०२२ च्या रायझन ७००० मालेंतील बहुतेक प्रोसेसरांची ९५ आहे, आणि पूर्ण कामाखालीं ते ९५ ला जाऊन टेकतील अशीच त्यांची रचना आहे. त्याच मालेंतल्या ७८००एक्स३डी या, खेळणाऱ्यांच्या विशेष आवडत्या, प्रोसेसरची मर्यादा ८९ आहे. म्हणजे एकाच्या ८७ ला अजून तेरा अंशांची मोकळीक, तर दुसऱ्याचें ८७ म्हणजे मर्यादेच्या उंबरठ्यावरचें. शेजारच्या घरच्या आकड्याशीं आपला आकडा ताडून पाहण्यांत अर्थ नाहीं तो यासाठीं. २०१७ सालीं तर एएमडीच्या रायझन १८००एक्स या प्रोसेसरचा कळविलेला आकडा खऱ्या उष्णतामानाहून मुद्दाम वीस अंश जास्त ठेवलेला होता, पंख्यांचें नियंत्रण सर्व नगांत एकसारखें राहावें म्हणून! कंपनीनें खुलासा करीपर्यंत पुष्कळांनीं विनाकारण मोठमोठे कूलर बसविले असतील.

वडिलांच्या जळण्याच्या भीतीला एके काळीं आधार होता. २००१ सालीं ‘टॉम्स हार्डवेअर’ या प्रकाशनानें चालूं यंत्रांवरचे थंड करणारे ठोकळे काढून घेऊन काय होतें याचें चित्रण प्रसिद्ध केलें. एएमडीचा ॲथलॉन क्षणार्धांत धूर सोडून कायमचा गेला. इंटेलचा पेंटियम-४ मात्र गति उतरवून रखडत कां होईना चालत राहिला. आज दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर मर्यादेला पोंचले कीं आपणहून ठेका मंद करतात, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर बंद पडतात. आग लागण्याचा संभव या बाजूनें जवळजवळ नाहींच. परंतु यांत एक गंमत आहे. जो ठेका वाढविण्यासाठीं एवढा खटाटोप केला, तोच उन्हाळ्यांतील दुपारीं प्रोसेसर निमूटपणें उतरवून ठेवतो. खेळ अडखळूं लागतो. मुलगा खेळाच्या प्रणालीला दोष देतो, इंटरनेटवाल्याला दोष देतो. कोपऱ्यांतील आकडा मात्र शंभरावर अडकलेला असतो.

हें उन्हाळ्यांतच कां होतें, तें आतां पाहूं. जानेवारींत रात्रीं खोलींत २२ अंश आहेत आणि कामाखालीं प्रोसेसर ७८ वर जाऊन स्थिर झाला आहे असें समजा. हवेवर त्याचा चढ ५६ अंशांचा. कूलर तोच, काम तेंच, व्होल्टेज तेंच, तर हा चढ बारा महिने जवळपास तेवढाच राहणार. एप्रिलमध्यें चिंचवडला दुपारीं पारा चाळिशीला टेकतो, कधीं ओलांडतोही. पश्चिमेच्या खोलींत ३७ अंश म्हटले तर प्रोसेसर ९३ वर गेला. गळतीचे दोनतीन अंश वर आले. त्यांत दार लावून घेतलेलें. खेळाचें यंत्र आणि त्याचें चित्रांचें कार्ड मिळून चारपांचशें वॅट उष्णता त्याच खोलींत ओतीत असतात, म्हणजे ऐन वैशाखांत घरांत एक लहानशी शेगडीच पेटविलेली! तासाभरांत खोलीच ४० वर जाते आणि प्रोसेसर मर्यादेवर. जानेवारींत ‘स्थिर’ ठरलेलें ओव्हरक्लॉकिंग एप्रिलमध्यें डळमळतें, याचें कारण यंत्र बिघडलें हें नसून, त्याची कसोटीच चुकीच्या महिन्यांत घेतली हें असतें.

विजेच्या मोटारी बनविणाऱ्यांना हें फार पूर्वींपासून ठाऊक आहे. मोटारीच्या अंगावरील पत्र्याची पट्टी वाचा. सभोंवतालची हवा सामान्यतः ४० अंश धरलेली असते आणि तिच्यावर किती चढ चालेल हें गुंडाळीवरील आवरणाच्या वर्गानुसार ठरतें. ‘एफ’ वर्गाचें आवरण १५५ अंशांचें. त्यांत ४० हवेचे, १०५ चढाचे, आणि आंतील अधिक तापणाऱ्या जागेसाठीं राखून ठेवलेले १०. भोसरीच्या वर्कशॉपांत दिवसभर असल्या मोटारी हाताळणारा गृहस्थ घरीं येऊन मुलाच्या संगणकाचा नुसता एक आकडा पाहून घाबरतो, याचें मला नवल वाटतें. पट्टी वाचण्याची आपली विद्या त्यानें घरीं आणली तर मुलापेक्षां तोच अधिक नेमकें सांगूं शकेल.

तेव्हां पहिलें साधन म्हणजे खोलीचा साधा थर्मामीटर. तो कोठें ठेवावा हें वेधशाळेकडून शिकावें. शिवाजीनगरच्या वेधशाळेंत थर्मामीटर उघड्या उन्हांत टांगीत नाहींत. झडपांच्या पांढऱ्या लांकडी पेटींत, जमिनीपासून सुमारें चार फुटांवर, सावलींत आणि खेळत्या वाऱ्यांत ठेवतात. कारण मोजावयाची असते ती हवा. ऊन नव्हे कीं भिंतही नव्हे. संगणकाच्या पेटीच्या मागून गरम झोत निघतो, तेथें थर्मामीटर ठेवला तर तो भलतेंच सांगेल. पेटी जेथून हवा आंत ओढते त्या बाजूला, वीतभर अंतरावर ठेवावा. पेटी टेबलाखालीं भिंतीला चिकटून असेल तर येथें बऱ्याच वेळां एक शोध लागतो: खोलींत ३४ आणि पेटीच्या तोंडाशीं ३९. मागचा गरम झोत फिरून पुढें येत असतो. टेबल हातभर पुढें ओढलें कीं पांच अंश फुकट मिळतात.

दुसरी गोष्ट, आकडा केव्हां वाचावा. सिलिकॉनचा तुकडा एवढासा, कीं एखादी प्रणाली उघडतांच त्याचें उष्णतामान सेकंदांत वीस अंश उडी मारतें आणि तितक्याच झटकन् उतरतें. त्या उड्यांना भिऊं नये. ठोकळ्याच्या कूलरवर दहापंधरा मिनिटें आणि पाण्याच्या कूलरवर अर्धा तास सारखें काम दिल्यावर आकडा जेथें ठरतो तोच वाचावा. काम कोणतें, हेंही महत्त्वाचें. मूळ संख्या शोधण्याच्या १९९६ पासून चाललेल्या सार्वजनिक उपक्रमांतील ‘प्राइम-९५’ ही प्रणाली प्रोसेसरला अक्षरशः घाम फोडते. खेळांत इतका भार सहसा पडत नाहीं. खेळांत अधिक तापतें तें चित्रांचें कार्ड, आणि तें आपली उष्णता त्याच पेटींत सोडून प्रोसेसरची हवा बिघडवितें. म्हणून नुसत्या प्रोसेसरची कसोटी घेऊन निश्चिंत होणाऱ्यानें दोन्ही एकदम तापवून पाहावीं.

पाण्याच्या कूलरविषयीं एक गैरसमज रूढ आहे, कीं पाणी आहे म्हणजे गारवा आला. पाणी गारवा निर्माण करीत नाहीं. तें उष्णता उचलून पेटीच्या कडेला आणून सोडतें. पुढें ती खोलीच्या हवेंतच जाते, आणि हवेहून थंड तें कधींच होऊं शकत नाहीं. पाषाणच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकांतही प्रोसेसरपर्यंत नळ्यांतून द्रव खेळविलेला आहे. पण तेथें त्या द्रवाची उष्णता इमारतीबाहेर नेण्याची सोय असते. आपल्या घरीं ती पलंगाशेजारींच राहते. पावसाळ्यांत आंत दंव सांचेल कीं काय, अशीही शंका कोणी विचारतात. खोलीच्या हवेहून थंड कांहींच नाहीं, तर दंव कशावर धरणार? उणें १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओतून विक्रम करणाऱ्यांची ती चिंता, आपली नव्हे.

आपली चिंता धुळीची. तळेगांव-चाकण रस्त्याच्या आसपास किंवा नव्या इमारतींच्या बांधकामाशेजारीं राहणाऱ्यांनीं पेटीची जाळी महिन्यांतून एकदां काढून झाडावी. थर्मल पेस्टही दोनचार वर्षांत वाळते किंवा कडेला सरकते. या दोहोंचा सुगावा कोपऱ्यांतील आकड्यावरून लागत नाहीं, कारण ऋतु बदलला कीं आकडाही बदलतो. सुगावा लागतो चढावरून. जानेवारींत ५६ असलेला चढ त्याच कामाखालीं जूनमध्यें ६४ झाला, तर हवेला दोष देतां येणार नाहीं. पेटी उघडावीच लागेल.

एवढें सगळें नीट ठेवूनही एक धोका उरतो, आणि तो कोणत्याही उष्णतामापकावर दिसत नाहीं. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांनीं जगभर त्रास दिला. खेळ मधेंच कोसळूं लागले, यंत्रें अडूं लागलीं. प्रथम पुष्कळांनीं उष्णतेवर बोट ठेवलें. कंपनीच्या तपासांत मात्र मुख्य कारण निघालें तें व्होल्टेज: प्रोसेसरच्या आंतील आज्ञावलि त्याला हवें त्यापेक्षां अधिक व्होल्टेज मागावयास लावीत होती, आणि त्यानें ठेका वाटणाऱ्या मंडलाची हळूहळू झीज होत होती. ऑगस्ट २०२४ मध्यें मागणीवर १.५५ व्होल्टची मर्यादा घालणारी दुरुस्ती निघाली, सप्टेंबरांत आणखी एक निघाली, आणि हमी तीन वर्षांची पांच वर्षे केली गेली. झालेली झीज मात्र दुरुस्तीनें भरून येत नव्हती. उत्तम कूलरखालीं, समाधानकारक आकडे दाखवीत असलेल्या यंत्रांतही ही झीज होऊं शकत होती, हें ध्यानांत घ्यावें. म्हणून उष्णतामानाशेजारीं व्होल्टेजचा आकडाही पडद्यावर ठेवावा, आणि पाटीवरील ‘आपोआप ओव्हरक्लॉक’ या सोयीच्या कळीवर फार विसंबूं नये; मदरबोर्ड पुष्कळदां गरजेहून सढळ हातानें व्होल्टेज देतो. ज्यांच्याकडे या पिढींतला प्रोसेसर आहे त्यांनीं मदरबोर्डचें बायोस अद्ययावत् आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें.

खेळ कोसळला तर फार तर एक संध्याकाळ फुकट जाते. त्याहून वाईट म्हणजे न कोसळतां चुकणें. मर्यादेच्या कडेवर चालविलेला प्रोसेसर लक्षावधि बेरजांत एखादी चुकवितो, आणि ती चूक खेळांत कोणाला दिसतही नाहीं. परंतु त्याच यंत्रावर त्याच दिवशीं बहिणीचें ड्रॉइंग जतन होत असतें, फोटोंचा संग्रह एका डिस्कवरून दुसरीवर जात असतो. बिघडलेली फाइल सहा महिन्यांनीं उघडावयास गेलें म्हणजे कळतें. इतर कोणत्याही कारणापेक्षां या कारणासाठीं मी म्हणतों, कीं घरांत एकच यंत्र असेल तर शेवटचे शंभर-दोनशें मेगाहर्ट्झ सोडून द्यावे. त्यांनीं खेळांत जो फरक पडतो तो डोळ्यांना जाणवतही नाहीं, आणि व्होल्टेज थोडें उतरविलें कीं उष्णता वर्गाच्या प्रमाणांत उतरते. चक्रवाढ येथें आपल्या बाजूनें चालते.

कसोटीला दिवस निवडावयाचा तर एप्रिल-मेमधला गुरुवार घ्यावा. आपल्या पट्ट्यांतील पुष्कळ कारखान्यांना त्या दिवशीं सुटी असते, वडील घरीं असतात. दुपारीं तीनच्या सुमारास, खोली सर्वांत तापलेली असतांना, दार लावून अर्धा तास यंत्राला पूर्ण काम द्यावें. गुरुवारींच दुरुस्तीसाठीं वीजही जाते, हें खरें. त्याला इलाज नाहीं. एक वही ठेवावी आणि तींत पांच रकाने पाडावे: तारीख, पेटीच्या तोंडाशीं हवेचें उष्णतामान, प्रोसेसरचें स्थिर उष्णतामान, या दोहोंतील चढ, आणि व्होल्टेज. मर्यादेपासून दहा अंश तरी उरले तर तें ओव्हरक्लॉकिंग आपल्या गांवच्या हवेला मानवलें असें समजावें. उरले नाहींत तर आधीं व्होल्टेज उतरवावें, मग ठेका, आणि पुढच्या गुरुवारीं पुन्हां मोजावें.